रूम टेंपरेचरची बाटली आणि नागपूरचा मे महिना: क्यूसी (औषधांची गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी

"मॅडम, बाटलीवर रूम टेंपरेचर लिहिलं होतं, म्हणून स्टोअरच्या रॅकवर ठेवली."

बी.फार्म करून आठवड्यापूर्वी लागलेला मुलगा होता. मे महिन्याचा मधला आठवडा. लॅबच्या मागच्या स्टोअरमध्ये पत्र्याचं छत, एकच एक्झॉस्ट पंखा, आणि भिंतीवरच्या काट्यात ३९. बाटली डायइथाइल ईथरची. मी बूच अर्धा फेरा सैल केलं आणि आतून सूंऽऽ असा आवाज आला. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. त्या खोलीत ते उकळायचं थांबलं होतं ते फक्त बुचामुळे.

पोराची चूक नव्हती. त्यानं लेबल वाचलं होतं, जे निम्मे लोक वाचतच नाहीत. पण लेबल लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची खोली वेगळी आणि बुटीबोरीची आपली खोली वेगळी, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात सांगत नाहीत. म्हणून हा लेख. हिंगणा, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत क्यूसीला लागलात, तर पहिल्या महिन्यात एवढं करून घ्या.

आधी ‘रूम’ कोणाची ते बघा

रूम टेंपरेचर म्हणजे ‘खोलीत जे असेल ते’ असा अर्थ धरू नका. अमेरिकेच्या औषधकोशात, म्हणजे यूएसपीत, नियंत्रित रूम टेंपरेचर म्हणजे २० ते २५ अंश. अधूनमधून १५ ते ३० च्या आत हललं तर चालतं, आणि ४० पर्यंतचा एखादा झटका २४ तासांच्या आत असेल तर सोसून घेतात, तोही सरासरी गतिज तापमान (गरम तासांना जास्त वजन देणारी सरासरी) २५ च्या वर जात नसेल तरच. युरोपच्या औषधकोशात तर १५ ते २५. रीएजंटच्या, म्हणजे तपासणीला लागणाऱ्या रसायनांच्या, बाटल्यांवर बहुतेक वेळा १५ ते २५ किंवा १५ ते ३० छापलेलं असतं, बारीक अक्षरात, धोक्याच्या चित्रांच्या खाली. ते शोधा.

आता आपलं बघा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ वर गेला होता. आणि २०१८ च्या डिसेंबरअखेरीस ३.५ वर उतरला होता. एकाच शहरात, एकाच स्टोअरमध्ये, एकाच ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेल्या बाटलीला हे दोन्ही भोगावं लागतं. औषधांच्या स्थिरतेच्या अभ्यासात आपल्या देशाचा हवामान-झोन ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेचा धरतात. पण ते गोळ्या-कॅप्सूलसाठी. रीएजंट बनवणाऱ्यानं तुमच्यासाठी असा कुठलाही झोन मनात धरलेला नसतो.

रसायनशास्त्रातला जुना ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. ठोकताळाच आहे, प्रत्येक रसायनाला तंतोतंत लागू पडत नाही. पण २५ च्या जागी ४५ म्हणजे चौपट, एवढं डोक्यात ठेवलंत तरी उन्हाळ्यात हात आपोआप लॉगबुककडे जातो.

आपली खोली मोजा

पहिल्या आठवड्यात हे करा. कॅलिब्रेट केलेला डेटा लॉगर मागून घ्या. नसेल तर किमान-कमाल दाखवणारा थर्मो-हायग्रोमीटर चालेल. तो तीन ठिकाणी दोन-दोन दिवस ठेवा: वरच्या रॅकवर, पश्चिमेच्या खिडकीजवळच्या टेबलावर, आणि स्टोअरमध्ये दाराआड. एकाच खोलीत वरचा रॅक आणि खालचा कप्पा यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज सापडतो. ज्या भिंतीवर काटा टांगलेला असतो ती नेमकी एसीसमोरची असते, हा योगायोग मी तीन कंपन्यांत पाहिला आहे.

रात्र आणि रविवार विसरू नका. दिवसभर एसी २२ वर आणि जनरल शिफ्ट सुटली की बंद, असं बऱ्याच ठिकाणी असतं. समजा बारा तास २२ आणि बारा तास ३८. साधी सरासरी काढली तर ३०, आणि रजिस्टरमध्ये ते बरं दिसतं. पण बिघाड सरासरीनं होत नाही, गरम तासांत जास्त होतो. म्हणून सरासरी गतिज तापमान काढतात. याच आकड्यांवर नेहमीच्या सूत्रानं ते जवळपास ३३ येतं. एक्सेल शीटमध्ये सूत्र एकदा बसवून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कूलर. नागपूरकराला उन्हाळा आला की खसच्या ताट्या लावलेला कूलर आठवतो, त्यात गैर काही नाही. घरी लावा. स्टोअरमध्ये मात्र कोणी भला माणूस कूलर आणून लावतो, काटा ३९ वरून ३१ वर येतो, सगळे खूश, आणि चार दिवसांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीत पाणी सुटलेलं, कॅल्शियम क्लोराइडचा लगदा झालेला. कूलर हवेत पाणी टाकूनच हवा थंड करतो. तापमानाचा रकाना सुधारला आणि आर्द्रतेचा बिघडला. बॅलन्स रूममध्ये आणि कार्ल फिशरच्या (पाण्याचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या) आसपास तर कूलरचं नावही काढू नका.

बाटल्या मांडा, पण ए-बी-सी-डीनं नको

नव्या माणसाला पहिलं काम मिळतं ते रॅक लावायचं. सवयीनं सगळे अक्षरानुसार लावतात. माझं मत वेगळं आहे: जिला जो शत्रू, त्याप्रमाणे लावा. सापडायला थोडा वेळ लागतो, पण मांडताना तुमचा अभ्यास होतो.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं मरणारे: सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, पीएच ९.२ चं बोरॅक्स बफर. हायड्रॉक्साइड काचेच्या बाटलीत ठेवू नका, ते काच खातं आणि स्टॉपर चिकटवून टाकतं. पॉलिथिनची बाटली, वर सोडा लाइमची नळी. ईडीटीएचं द्रावणही प्लास्टिकमध्येच, कारण ते काचेतून कॅल्शियम ओढून घेतं आणि मग तुम्ही पाण्याच्या कडकपणाला दोष देत बसता.

उजेडानं मरणारे: सिल्व्हर नायट्रेट, पोटॅशियम परमँगनेट, आयोडीन. अंबर बाटली हवीच, पण अंबर बाटली खिडकीत ठेवून उपयोग नाही. आयोडीन रबराच्या बुचात कधीच ठेवू नका, ते रबर खातं आणि स्वतःही उडून जातं. काचेचा स्टॉपर हवा. परमँगनेट बनवलं की लगेच फॅक्टर (खरी तीव्रता ठरलेल्या तीव्रतेच्या किती पट आहे तो आकडा) काढू नका. दोन दिवस राहू द्या, मग सिंटर्ड ग्लासमधून गाळा. कागदातून गाळलंत तर ते कागदावरच रागावतं. तळाशी तपकिरी गाळ दिसायला लागला की ती बाटली संपली असं समजा, कारण तो मँगनीज डायऑक्साइड पुढच्या बिघाडाला स्वतःच हातभार लावतो.

जंतूंनी मरणारे: सोडियम थायोसल्फेट, फॉस्फेट बफर, पीएच ४ चं थॅलेट बफर, स्टार्च. थायोसल्फेटसाठी उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि चिमूटभर सोडियम कार्बोनेट टाका. द्रावण दुधाळ दिसलं तर ते गंधक आहे, फेकून द्या. स्टार्च रोज ताजा. उन्हाळ्यात कालचा स्टार्च निळा नाही, जांभळट-तांबडा रंग देतो आणि एंड पॉइंट, म्हणजे टायट्रेशन थांबवायची खूण, कुठे ते कळत नाही.

उडून जाणारे: अमोनिया, ईथर, डायक्लोरोमिथेन. डायक्लोरोमिथेन ४० च्या आसपास उकळतं, म्हणजे तेही स्टोअरमध्ये सुरक्षित नाही. अमोनियाची सीलबंद बाटली उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग फ्यूम हूडमध्ये, तोंड बाजूला करून उघडा. ईथर थंड जागी ठेवायचं म्हणजे घरगुती फ्रीजमध्ये नव्हे. त्याच्या थर्मोस्टॅटची ठिणगी आणि ईथरची वाफ एकत्र आली की फ्रीजचं दार समोरच्या भिंतीवर सापडतं. ज्वालाग्राही द्रव्यांसाठी बनवलेलाच फ्रीज हवा. ईथर उघडल्याची तारीख लिहा, कारण त्यात स्फोटक पेरॉक्साइड साचतात. बुचाभोवती स्फटिक दिसले तर हात लावायचा नाही, हलवायचं नाही, वरिष्ठांना बोलवायचं.

कशानं न मरणारे: ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. बाटली नीट बंद असेल तर बिचारं महिनोन्‌महिने तसंच राहतं.

दोन गोष्टी साठवायच्याच नाहीत. फेलिंगचे ए आणि बी वेगवेगळे ठेवा, वापरताना मिसळा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण टोलेन्स रीएजंट, म्हणजे अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट, उरलं तर उद्यासाठी ठेवू नका. ठेवलं की त्यात स्फोटक चांदीची संयुगं बनतात. काम झालं की लगेच पातळ आम्ल घालून विल्हेवाट.

मिठातलं पाणी

हा भाग मी जरा लांबवते, कारण यात माणूस फसतो आणि त्याला कळतही नाही.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेला पंचा तासाभरात पापडासारखा होतो. ज्या मिठाच्या स्फटिकात पाणी आहे, त्याचंही तेच होतं. सोडियम थायोसल्फेट कोरड्या हवेत ३३ अंशांच्या वर गेलं की त्यातलं पाणी सुटायला लागतं, स्फटिकांवर पांढरी पूड दिसते. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, बारा रेणू पाण्याचं, त्याहून नाजूक: ३५ च्या आसपास ते स्वतःच्याच पाण्यात वितळायला लागतं, आणि कोरड्या हवेत बूच सैल राहिलं तर पाणी सोडून देतं.

थायोसल्फेटचं एवढं काही बिघडत नाही. तुम्ही २४.८ ग्रॅम घेतलं, त्यात पाणी कमी होतं, द्रावण थोडं तीव्र झालं. पण नंतर तुम्ही त्याचा फॅक्टर काढताच, तिथे हिशेब बसतो. बफरचा फॅक्टर कोण काढतं? बारा रेणू पाण्याच्या फॉस्फेटचं मोलर वजन ३५८.१, दोन रेणूंच्या फॉस्फेटचं १७८, आणि निर्जलाचं १४२. बाटलीवर बारा लिहिलेलं, आत निम्मं पाणी उडालेलं, तुम्ही लेबलप्रमाणे वजन केलं. बफर ठरल्यापेक्षा कितीतरी तीव्र झालं. पीएच तुम्ही फॉस्फोरिक आम्लानं ओढून आणता, मीटरवर ६.८ दिसतं, सगळं छान. आणि एचपीएलसीत (घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) पीक भलत्याच वेळी येतो. मग कॉलम बदला, पंप बघा, सर्व्हिस इंजिनिअरला फोन करा. मिठाकडे कोणी बघत नाही.

उपाय सोपा आहे. बाटली उघडली की आत बघा. स्फटिक काचेसारखे चमकदार हवेत. कडेला पांढरी पीठासारखी पूड किंवा बुचाखाली ओलसर ढेकळं दिसली तर वापरू नका. जिथे मोनोग्राफ (औषधकोशातली त्या औषधाची नोंद) परवानगी देतो तिथे निर्जल मीठ घ्या, ते आधी वाळवता येतं. उन्हाळ्यापुरत्या लहान बाटल्या मागवा. पाचशे ग्रॅमची बाटली वर्षभर उघडझाप करण्यात काही बचत नाही, हे पर्चेसवाल्यांना मात्र दरवर्षी नव्यानं समजवावं लागतं.

लेबल आधी, द्रावण नंतर

बनवण्याआधी लेबल लिहून ठेवा: नाव, तीव्रता, बॅच, बनवल्याची तारीख, फॅक्टर आणि तो काढल्याची तारीख, संपण्याची तारीख, साठवण, सही. हे नियमातच आहे, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुधारित शेड्यूल एम (औषधनिर्मितीचे नियम) आल्यापासून ऑडिटवाले रॅकपासूनच सुरुवात करतात. आणखी एक रकाना मी स्वतःहून टाकते, तो कोणी मागत नाही: फॅक्टर काढताना द्रावणाचं तापमान. का, ते पुढे सांगते.

विकत घेतलेल्या बाटलीवर दोन तारखा लागतात, आली ती आणि उघडली ती. छापील एक्स्पायरी न उघडलेल्या बाटलीची असते. उघडल्यावर तुमचा एसओपी, म्हणजे कंपनीची लेखी कार्यपद्धती, सांगेल ती. जुन्या बाटलीत नवं द्रावण ओतून भर घालू नका, आणि जुन्या लेबलवर नवं लेबल चिकटवू नका. दुसरं केलेलं सापडलं तर ती साधी चूक राहत नाही.

फ्लास्कवर २० किंवा २७ अंश असं कोरलेलं असतं. त्या तापमानाला तो खुणेपर्यंत बरोबर असतो. कोमट द्रावण खुणेपर्यंत भरू नका. गार होऊ द्या, मग भरा.

परक्लोरिक आणि दहा अंश

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या हातून झालेली. कंपनीचं नाव सोडून द्या.

जलरहित टायट्रेशन करत होते. ग्लेशियल अॅसेटिक आम्लात ०.१ मोलर परक्लोरिक आम्ल. सोमवारी फॅक्टर काढला, लॅब २२ अंशांवर. बुधवारी एसीचा कॉम्प्रेसर गेला. गुरुवारी मी त्याच बाटलीतून सँपल टायट्रेट केलं. घाम ब्युरेटवर पडू नये म्हणून रुमाल बांधला होता, एवढं आठवतं. निकाल आला १०१.२ टक्के. मर्यादा ९९.० ते १०१.०. म्हणजे ओओएस, मर्यादेबाहेर. झालं. चौकशीचा फॉर्म, दुसऱ्या अॅनालिस्टकडून पुन्हा, क्यूए (गुणवत्ता हमी विभाग) दारात उभं. दुसऱ्या अॅनालिस्टलाही १०१.२ च. आता तर बॅचवरच संशय.

आमचे जुने सेक्शन हेड आले. कागद बघितलेच नाहीत. बाटलीला हात लावला आणि म्हणाले, "फॅक्टर काढला तेव्हा किती होतं बाई?"

अॅसेटिक आम्ल गरमीनं पाण्यापेक्षा खूप जास्त फुगतं, दर अंशाला सुमारे ०.००११ पट. दहा अंशांना १.१ टक्का. द्रावण फुगलं की त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये आम्ल कमी, म्हणून ब्युरेटमधून जास्त जातं आणि सँपल उगाच जास्त भरतं. औषधकोशातच दुरुस्ती दिलेली आहे: वाचलेलं आकारमान गुणिले, १ अधिक ०.००११ गुणिले फॅक्टर काढतानाचं तापमान वजा टायट्रेशनचं तापमान. माझ्या बाबतीत २२ वजा ३२ म्हणजे उणे १०. गुणक ०.९८९. १०१.२ गुणिले ०.९८९, उत्तर १००.१. बॅच पहिल्यापासून ठीक होती.

त्यातली खरी भीतीची बाजू नंतर लक्षात आली. समजा बॅच खरोखरच ९८.३ ची असती. तीच गरम बाटली तिला ९९.४ दाखवून पास करून गेली असती आणि कोणी फॉर्म भरला नसता.

म्हणून नियम: परक्लोरिकचा फॅक्टर ज्या दिवशी वापरायचं त्याच दिवशी काढा, त्याच खोलीत. ते जमत नसेल तर दोन्ही तापमानं लिहा आणि दुरुस्ती करा. थर्मामीटर द्रावणात बुडवून मोजा, भिंतीवरचं नको. फॅक्टरसाठी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, १२० अंशांवर दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये गार केलेलं. ०.१ मोलर परक्लोरिकचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे २०.४२ मिलिग्रॅम थॅलेट. क्रिस्टल व्हायोलेटचा रंग जांभळ्यातून निळा, मग हिरवट होतो. कुठल्या छटेला थांबायचं ते फॅक्टर काढताना आणि सँपलला एकच ठेवा. आणि परक्लोरिक सांडलं तर लाकडावर, चिंध्यांवर वाळू देऊ नका. भरपूर पाण्यानं लगेच धुवा. ते वाळल्यावर पेट घेतं.

पाण्यातल्या द्रावणांना हे लागू नाही असं समजू नका. २२ ते ३२ मध्ये पाणी पाव टक्क्याहून थोडं जास्त फुगतं. फॅक्टर ०.२ टक्क्याच्या अचूकतेनं काढायचा असतो, त्यात पाव टक्का कुठे बसवणार?

‘महिनाभर चालतं’ हे कोणी ठरवलं?

तुम्ही विचाराल, हायड्रॉक्साइड किती दिवस चालतं? कोणीतरी सांगेल, महिना. विचारा, कोणी ठरवलं? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "आधीपासून असंच आहे."

स्वतः बघा. पहिल्या दिवशी द्रावण बनवा, तीनदा फॅक्टर काढा. हायड्रॉक्साइडलाही तेच थॅलेट आणि तोच २०.४२ चा आकडा. समजा ५०१.२ मिलिग्रॅम थॅलेटला २४.४० मिलिलिटर लागलं: २४.४० गुणिले २०.४२ म्हणजे ४९८.२, त्यानं ५०१.२ ला भागा, फॅक्टर १.००५९. आता बाटली नेहमीच्या रॅकवर ठेवा आणि नेहमीसारखी वापरा. कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या बाटलीचा अभ्यास करून उपयोग नाही, रोज उघडली जाणारीच बघायची. सातव्या, पंधराव्या, तिसाव्या दिवशी पुन्हा. समजा पंधराव्या दिवशी १.००४१ आला, तर बदल ०.१८ टक्का. तिसाव्या दिवशी ०.९९८७, बदल ०.७२ टक्का. तर मुदत पंधरा दिवस. ‘महिना’ नाही. हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही काढा.

आणि हा अभ्यास जानेवारीत करून मोकळे होऊ नका. एकदा मे अखेरच्या नवतप्यात करा, एकदा भर पावसात. नवतप्यातल्या नऊ दिवसांत जे द्रावण टिकलं त्याची पुढे फारशी काळजी नाही.

ज्यांचा फॅक्टर निघत नाही, ड्रॅगेनडॉर्फ, निनहायड्रिन, इंडिकेटर, त्यांच्यासाठी जुनं आणि आज बनवलेलं शेजारी शेजारी ठेवा, तेच माहितीतलं सँपल, एक ब्लँक. रंग, वेळ, ठळकपणा लिहा. फोटो काढून चिकटवला तर उत्तम. पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण पिवळं पडलं असेल तर एवढंही करायची गरज नाही.

मोबाईल फेजबद्दल (एचपीएलसीच्या कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाबद्दल) थोडं

फॉस्फेट बफर पीएच ६-७ चं, उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं, दोन-तीन दिवसांत बाटलीच्या तळाशी कापसाचे तंतू दिसायला लागतात. तो कापूस नाही, बुरशी आहे, आणि ती कॉलमच्या तोंडाशी जाऊन बसते. रोज बनवा, ०.४५ मायक्रॉननं गाळा. मिश्रण करताना पाणी-मिथेनॉल गरम होतं, पाणी-अॅसिटोनायट्राइल थंड पडतं. दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग खुणेपर्यंत भरा. बाटलीचं झाकण उघडं ठेवलंत तर ऑरगॅनिक भाग आधी उडतो, आणि संध्याकाळपर्यंत पीक पुढे सरकत जातो.

कॉलम ओव्हन २५ वर लावून खोली ३४ असेल तर तुमचा कॉलम २५ वर नाही. साधा ओव्हन फक्त गरम करू शकतो. कूलिंग आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. नसेल आणि पद्धतीत २५ लिहिलं असेल, तर आधी खोलीचं बघा.

पीएच मीटर कॅलिब्रेट करताना बफरचं तापमान टाका. बोरॅक्सचं बफर २५ अंशांना ९.१८, ३० ला ९.१४, ४० ला ९.०७. तुम्ही उन्हाळ्यात ९.१८ वर घट्ट धरून बसलात तर मीटर तुमचं ऐकेल, पण खोटं बोलेल.

पाऊस आला की

जूनच्या मध्यावर सगळं उलटतं. परवापर्यंत पाणी सोडणारी मिठं आता पाणी ओढतात. फ्रीजमधली रेफरन्स स्टँडर्डची व्हायल काढून लगेच उघडू नका. थंड काचेवर आतूनही दव बसतं आणि तुमच्या शंभर मिलिग्रॅम स्टँडर्डमध्ये ते वजनाला येतं. डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा, पटकन वजन करा, बंद करा.

कार्ल फिशरचा टायटर (रीएजंटचा एक मिलिलिटर किती पाणी खातो तो आकडा) रोज काढा. डायसोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट वापरा, त्यात १५.६६ टक्के पाणी असतं. टायटर रोज थोडा थोडा घसरत असेल तर रीएजंटच्या बाटलीवरची मॉलिक्युलर सीव्हची नळी बघा, ती ओली झालेली असते. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ओव्हनमध्ये वाळवा. "उद्या करू" म्हणून ठेवलेली गुलाबी सिलिका दिवाळीपर्यंत गुलाबीच राहते.

आणि डिसेंबर

थंडीत आपण निर्धास्त असतो. एक दिवस सकाळच्या शिफ्टला कोणी येऊन सांगतं, मॅडम, अॅसेटिक आम्लाचा दगड झाला. ग्लेशियल अॅसेटिक आम्ल १६.६ अंशांना गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. ते बिघडलेलं नसतं. उलट शुद्ध आहे म्हणून गोठलं, पाणी मिसळलेलं असतं तर गोठायला अजून थंडी लागली असती. बूच थोडं सैल करा, बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, तीस अंशांच्या आसपास. हॉट प्लेटवर नको, वाफा ज्वालाग्राही आहेत आणि काच तडकते. पूर्ण वितळल्यावर बूच लावून उलटसुलट करून एकजीव करा. अर्धवट वितळलेल्यातला वरचा द्रव ओतून घेतलात तर पाणी आणि अशुद्धी त्यातच जास्त असतात.

आणि त्या दिवशी परक्लोरिक बनवायचं असेल, तर आधी लॅबचा काटा बघा.